बाईंचा आवाज आणि पहिला रविवार

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जी झाडांची बाग आहे, तिथं मी पहिल्यांदा गेलो तो बायकोच्या हट्टापायी. तिनं पेपरात वाचलं होतं की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथं झाडांची ओळख करून देतात, कुणीही यावं. मी तेव्हा अंबडच्या कारखान्यात लेथ मशीनवर होतो आणि नुकताच रात्रपाळी करून आलो होतो. "झाडं काय दाखवायची? ती दिसतातच की," म्हणून मी कूस बदलली. ती म्हणाली, "अहो, तुम्ही नका थांबू. मला नुसतं सोडून या." सोडायला म्हणून गेलो. थंडी इतकी होती की गाडीवर बसून राहण्यापेक्षा चाललेलं बरं, असं वाटून मीही मागोमाग निघालो.

झाडं दाखवायला एक बाई होत्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चणीनं लहान, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कानाला मफलर. आवाज मात्र खणखणीत. हायवेवरून ट्रक जात असला तरी रांगेतल्या शेवटच्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. मशीनच्या घरघरीत माझे कान निम्मे बाद झाले होते. घरी मी सगळ्यांना "काय?" म्हणून परत विचारायचो. बाईंना कधी विचारावं लागलं नाही.

त्या झाडाचं नाव आधी सांगायच्या नाहीत. "हात लावा," म्हणायच्या. "पान चुरगळून वास घ्या. कसला येतो?" कुणी म्हणायचं औषधासारखा, कुणी म्हणायचं कच्च्या कैरीसारखा. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग नाव सांगायच्या. पावसाळ्यात फेरी निघाली नाही तर बागेतल्या शेडखाली बसून गप्पा व्हायच्या. कुणी थर्मासमधून चहा आणायचं, आमची ही पोह्यांचा चिवडा करून न्यायची. एकदा सगळ्यांनी मिळून बिया रुजवायला घातल्या. आमची बेहड्याची बी उगवली तेव्हा बायकोनं शेजारच्या तीन घरांत सांगितलं.

पुढं मी रात्रपाळीवरून आलो तरी रविवारी झोपेनासा झालो. फेरीत मी बोलत मात्र कधीच नव्हतो. कारखान्यात बोलून उपयोग नसतो, खुणा कराव्या लागतात, आणि तीच सवय अंगात मुरली होती. मला मागं उभं राहून ऐकायला आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात बाईंचा आवाज बसला. "थंड पाणी प्याले असेन," असं त्या हसून म्हणाल्या. पुढच्या महिन्यातही तो तसाच होता, घोगरा आणि मध्येच तुटणारा. त्यानंतर फेरी बंद झाल्याचा निरोप आला. घशाचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, आणि स्वरयंत्रच काढावं लागलं.

आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. गळ्याला पांढरा रुमाल बांधून त्या खुर्चीत बसल्या होत्या. बायको बोलत राहिली, बाई मान हलवत राहिल्या. निघताना त्यांनी तिचा हात धरला आणि खिडकीकडं बोट दाखवलं. बाहेर रस्त्याकडेला कदंब होता, फुललेला. बायको म्हणाली, "हो बाई, बघितला येताना." त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून ही रडत होती.

सहाएक महिने तसेच गेले. मग एका शनिवारी फोनवरच्या आमच्या फेरीच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला : "उद्या मी येते. बोलायचं तुम्ही."

त्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. बाई पुढं चालत होत्या. एका झाडापाशी थांबल्या, सगळ्यांकडं बघितलं आणि एका शिक्षिकेकडं बोट केलं. ती गडबडली, पण बोलली. मग एका बँकवाल्याकडं, मग एका कॉलेजच्या मुलीकडं. बँकवाल्यानं मोहाच्या झाडाविषयी सांगताना काहीतरी चुकवलं, तशी बाईंनी जोरात टाळी वाजवली आणि बोट हलवलं. त्यानं चूक सुधारली. सगळे हसले, बाईही हसल्या, आवाज न येता.

मी सवयीनं मागं होतो. कांडोळाचं झाड आलं. हिवाळा सरत आलेला, अंगावर एक पान नाही, नुसतं पांढरंफेक खोड. बाईंनी रांगेवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बोट केलं. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "अहो, तुम्हालाच म्हणतायत."

मी पुढं गेलो. झाडाचं नाव सांगितलं, साल कागदासारखी निघते ते सांगितलं, आणि पुढचं सगळं विसरलो. बाई वाट बघत उभ्या होत्या. तेव्हा मला माझे वडील आठवले. मी म्हणालो, "लहानपणी बुद्धपौर्णिमेला वडील आम्हाला लेणी बघायला आणायचे. डोंगराच्या उतारावर असंच एक झाड होतं. मी विचारलं, दादा, ह्याला चुना कुणी लावला? ते म्हणाले, मलाही माहीत नाही, पण ज्यानं लावला त्यानं हात राखून लावला नाही. आम्ही घरी जाईपर्यंत दोघंही तोच विचार करत होतो. वडील गेले, त्यांना हे नाव कधी कळलंच नाही."

एवढं मी सलग कधी बोललो नव्हतो. बाई जवळ आल्या, माझा हात धरून खोडावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. खोड गार होतं. फेरी संपल्यावर सगळे मिसळ खायला गेलो, तिथंही मी बोलतच होतो. बायको नंतर सगळ्यांना सांगायची, "बाईंचा आवाज गेला आणि ह्यांना फुटला."

पुढं बरीच वर्षं फेरी अशीच चालली. बाईंना गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, पण त्यातून येणारा सपाट आवाज त्यांना आवडला नाही. त्या बोटांनी आणि टाळ्यांनीच आम्हाला शिकवत राहिल्या. नंतर मुलानं त्यांना पुण्याला नेलं. कुणी बदलीवर गेलं, कुणाचे गुडघे गेले, आणि आमचा ग्रुप पांगला. बागेत आता नवीन मुलं कार्यक्रम करतात, हातात माईक असतो, फोटो निघतात. वाईट काही नाही, चांगलं सांगतात. पण मला पान चुरगळून गप्प उभी राहिलेली आमची रांग आठवते, आणि "कसला वास येतो?" हा प्रश्न.

मी आता निवृत्त झालोय. गेल्या मार्चमध्ये आम्ही दोघंच बागेत गेलो होतो. कुसुंबाला नवी पालवी आली होती, सगळं झाड लालभडक. बायकोनं बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बाई थकल्यात, केस विरळ झालेत. हिनं फोन झाडाकडं धरला. पडद्यावर बाईंचं बोट हललं, वर, अजून वर. हिचा हात पुरेना, म्हणून मी फोन घेतला आणि हात जाईल तेवढा उंच धरला.