मावशीचे पंचवीस तोळे

"सुनेसाठी चांदी घ्याची हाय. तू संगं ये बापा, मले ते गिरॅमचं समजत नाही," असा फुलसावंगीहून मावशीचा फोन आला आणि मी लगेच रजा टाकली. आकडेमोड म्हणजे आपला प्रांत, अशी माझी घमेंड.

यवतमाळहून आर्णी, महागावमार्गे फुलसावंगी. सकाळी लवकर निघालो. आर्णीला आलुबोंडा खाल्ला, दुपारी मावशीला गाडीत घेऊन ढाणकी गाठली.

मावशीच्या घरची रीत अशी, की सासूला तिच्या लग्नात मिळाली तेवढीच चांदी तिनं सुनेला द्यायची आणि बायकांसमोर स्वतःच्या कड्यांशी तोलून दाखवायची. मावशीची कडी पंचवीस तोळ्यांची.

ढाणकीच्या म्हाताऱ्या सोनारानं लगडीचा तुकडा काट्यावर ठेवला. दोनशे एक्क्याण्णव ग्रॅम! मी उसळलो. "पंचवीस तोळे म्हणजे अडीचशे ग्रॅम. वरचे एक्केचाळीस कोणाच्या माथी मारता?"

"साहेब, मावशीच्या कड्यायचा तोळा जुना हाय. साडेअकराच्या वर भरते तो."

"म्हातारी बाई पाहून वजनं बदलता होय?" दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल असं मी बोललो. सोनारानं मान खाली घालून तुकडा कापला आणि अडीचशे ग्रॅम मोजून दिले.

गाडीत मावशी एवढंच म्हणाली, "चाळीस वर्सं झाली, त्यायच्याचकडं येऊन राह्यली मी."

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. नवी सून पाटावर बसली. तागडीच्या एका पारड्यात कडी, दुसऱ्यात माझी लगड. कड्यांचं पारडं खाली टेकलं ते उठेचना.

"सुनेले कमी काहून वो?" कोणीतरी विचारलं.

मावशी आत गेली आणि चांदीची वाटी घेऊन आली. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, शेवटच्या आजारपणात ती त्यांना याच वाटीतून पेज भरवायची. त्यांच्या मागे तिनं तेवढी एकच वस्तू जवळ ठेवली होती. तिनं ती लगडीवर ठेवली. पारडी सारखी झाली.

चांदी घ्यायला जाल तर ध्यानात ठेवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजारातला दहाचा. ऑनलाइन नाणी औंसात मिळतात, तो औंस ३१.१ ग्रॅमचा. वजन ग्रॅममध्येच विचारा. आणि समोरचा काही सांगत असेल तर आधी ऐकून घ्या.

मी तसाच ढाणकीला गेलो. माफी मागितली. सोनारानं पाणी दिलं आणि गल्ल्यातून कालचाच उरलेला तुकडा काढला. "मले वाटलंच, लागन म्हनून," तो म्हणाला.

तुकडा देऊन वाटी सोडवावी म्हणून पळत परत आलो. मावशीनं हात पुढे केला नाही. "सुनेच्या ओटीत टाकलेलं उचलू कायले? राहू दे."

तो एक्केचाळीस ग्रॅमचा तुकडा यवतमाळात माझ्या कपाटात आहे. मावशीचे फोन येतात, तब्येत विचारते, जेवलास का म्हणते. काम मात्र त्यानंतर तिनं मला एकही सांगितलेलं नाही.