दीपालीचं बाळ कुठल्या तक्त्यात?

देवरुखच्या वरच्या डोंगरातल्या वाडीत निशिगंधा शिवगण चौदा वर्षं आशाताई आहे. घरोघरी फिरून तिने वाडीतली घरची बाळंतपणं बंद केली. शेवटपर्यंत हटून बसली ती चिमाकाकी.

"माजी चारही पोरं याच घरात झाली गो," काकी म्हणायची. "सुनेला तुजा दवाखाना कशाला?"

"काकी, तिथे बाळाला धोका नाही," निशिगंधाने शब्द दिला.

काकीचा मुलगा नितेश मुंबईला नोकरीला. त्याची बायको दीपाली कळा सुरू होताच निशिगंधाबरोबर सरकारी दवाखान्यात पोचली. मुलगा झाला, पण अशक्त. नीट रडलाही नाही. बाळाला ऊब द्यायचं यंत्र दोन महिने बंद होतं. डॉक्टर रजेवर. नर्सने बाळाला दुपट्यात गुंडाळून निशिगंधाच्या हातात दिलं आणि रत्नागिरीला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका यायला दीड तास लागला. रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या अलीकडे बाळाचा श्वास थांबला. तेव्हाही ते निशिगंधाच्याच छातीशी होतं.

तीन आठवड्यांनी तालुक्याला कार्यक्रम झाला. शंभर टक्के प्रसूती दवाखान्यात, म्हणून वाडीचा गौरव. शाल घालायला आरोग्य खात्याचे साहेब पुढे आले तेव्हा निशिगंधाने विचारलं, "साहेब, दीपालीचं बाळ यात धरलंय?"

"प्रसूती दवाखान्यातच झाली ना? मग धरलंय."

"ते गेलं, साहेब."

"त्याचा तक्ता वेगळा असतो, ताई." मागून कुणीतरी फोटोसाठी हसायला सांगितलं. निशिगंधा शाल न घेताच खाली उतरली. त्यावर तिला लेखी समज मिळाली.

पुढच्या महिन्यात वाडीतल्याच स्वरूपच्या बायकोचे दिवस भरत आले. निशिगंधाने आधी दवाखान्यात फोन लावला. "यंत्र चालू झालं का?"

"पत्र पाठवलंय," नर्स म्हणाली.

मग तिने स्वरूपला स्पष्टच सांगितलं, "इथल्या दवाखान्यावर माझा भरवसा नाही. आठ दिवस आधीच रत्नागिरीला तुझ्या बहिणीकडे नेऊन ठेव." त्याने ऐकलं. मुलगी झाली, ठणठणीत. स्वरूपची आई पेढे घेऊन आली, ते निशिगंधाने तसेच बाजूला ठेवले. हा फोन दीपालीच्या वेळी का केला नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

दिवाळीनंतर दीपाली नवऱ्याकडे मुंबईला निघाली. निशिगंधा एसटीच्या थांब्यावर गेली होती. दीपालीने तिच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि गाडीत चढली.