फाडून टाकू काय?

मृत्युपत्राची वरची दोन टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, कागद ताणायचा, त्याच्यावरून समोरच्या माणसाकडे बघायचं आणि हळूच विचारायचं, "फाडून टाकू काय?"

अमरावतीत वकिली करताना मी पुष्कळ म्हातारे पाहिले. मृत्युपत्राचा विषय निघाला की बहुतेकांचा चेहरा पडतो, माझ्या ह्या म्हाताऱ्या अशिलांचा खुलायचा. मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे, अमरावतीत स्वतः बांधलेलं घर, सगळी स्वकमाई. बायको केव्हाच गेली होती. दोन मुलगे, एक अकोल्याला, एक पुण्याला. आणि घरात वच्छलाबाई, त्यांची भाची. लहानपणी तिचे आईबाप गेले म्हणून मामांनी आणली, आणि तिचं लग्नाचं वय चुलीपाशीच निघून गेलं. मृत्युपत्रात बगीचे मुलांना होते आणि घर वच्छलाबाईला. मुलं असताना भाचीला कायद्यानं दाराची कडीसुद्धा मिळत नाही, मिळेल ते ह्या कागदामुळेच, हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते फारच नीट लक्षात ठेवलं.

लोक मृत्युपत्र कपाटात ठेवून विसरतात. हे गृहस्थ दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढत. मुलं-सुना जमलेल्या असत, आणि मला बोलावून ते मोठ्यानं वाचायला लावत. "काल बैलाइले ठोंबरा चारला, आज ह्याइले चारा," म्हणत. मुलं हसत. ज्याला वाटा हवा असतो त्याला हसू लवकर येतं.

घराचा मजकूर आला की मला हातानं थांबवून कागद घ्यायचा, ताणायचा. "वच्छे, कालच्या वरणात मीठ नव्हतं. फाडून टाकू काय?" मग वच्छलाबाईनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायचं, "नका फाडू जी, मामाजी." एका वर्षी तिला हे पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. "आवाज नाई आला," म्हणाले. सुना पदराआड हसत होत्या. मला संताप यायचा, पण अशील म्हटल्यावर गिळायचा.

तुम्ही म्हणाल, माणूस दगडच होता. तसंही नाही. हिवाळ्यात माझ्या ऑफिसात यायचे तेव्हा खिशातून संत्रं काढून सोलायचे, फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढायचे आणि ती फोड माझ्या हातावर ठेवायचे. इतकी हलकी बोटं मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाहीत. वच्छलाबाईसाठी कधी सोलली का, असं एकदा विचारलं. "तिले काहून? तिले हात नाई काय?" म्हणाले.

शेवटच्या पोळ्याला वच्छलाबाईच्या अंगात ताप होता. त्या तापातच तिनं सगळ्यांसाठी पुरणपोळ्या लाटल्या होत्या. कागद ताणला गेला, प्रश्न आला. ती दाराला टेकून उभी होती, हाताला कणीक. म्हणाली, "तुमची मर्जी, मामाजी."

त्यांनी तिच्याकडे बघतच कागद मधोमध फाडला, मग आणखी एकदा. नंतर म्हणाले, "पोळी आण."

ती पोळी घेऊन आली.

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा मिशीत हसत होते. "रडू द्या तिले आठ दिवस. मंग येतो मी तुमच्याकडं." ती रडली नाही, आणि आठवडा संपायच्या आत हे जेवता जेवता ताटावर कलंडले.

नोंदणी कार्यालयात मृत्युपत्राची प्रत होती. तिच्या जोरावर वच्छलाबाईसाठी प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेण्याचा, अर्ज झाला. मी साक्षीदार, म्हणून काम दुसऱ्या वकिलाकडे दिलं. सगळा खटला एकाच प्रश्नावर आला. म्हाताऱ्यानं कागद गमतीत फाडला असेल तर मृत्युपत्र जिवंत, मनापासून फाडला असेल तर मेलेलं. मुलांनी सांगितलं, मनापासून. मी फाटकापाशी झालेलं बोलणं सांगितलं, तर मुलांचा वकील म्हणाला, नवीन करायला येणार होते, म्हणजे जुनं त्यांनी संपवलंच होतं.

राहिली वच्छलाबाई. तिच्या वकिलानं तिला बजावलं होतं, गमतीत फाडलं एवढंच सांगा. जज्जसाहेबांनीही सौम्यपणे विचारलं, "बाई, मामा तुमची गंमत करत होते का?"

तिनं पदर सारखा केला. "नाई जी. मामाजीनं माह्यासंगं कधी मजाक केली नाई."

घर मुलांचं झालं. कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिच्यावर ओरडलोच. एक शब्द बोलली असती तर घर मिळालं असतं, हे तिला कळत होतं की नाही?

"कळत होतं, वकीलसाहेब," ती म्हणाली. "पण थे गंमत होती म्हटलं असतं, त मंग सारी जिंदगी मी गमतीतच रडली असती ना."

ती आता तिवस्याला एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायला आहे. त्या घराच्या ओसरीत म्हाताऱ्याचा फोटो अजून आहे. मुलांपैकी कोणी तो नेला नाही, आणि घर विकताना गिऱ्हाइकाला म्हणाले, तुम्हीच काढून टाका.