घराला पाणी पिताना बघावं

आतापर्यंत मी सात जुनी घरं घेतली, दुरुस्त केली आणि विकली. आणखी तीन भाड्यानं दिलेली आहेत. त्यामुळे नात्यातल्या कुणाच्या हातात चार पैसे आले, की तो माझ्याकडे चहाला येतो आणि बशी खाली ठेवता ठेवता विचारतो, "घर घेताना काय बघायचं?" मी सांगते, पाण्याच्या दिवशी जा. आमच्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी चार दिवसांनी येतं, कधी आठ. मधल्या दिवसांत सगळी घरं सारखीच देखणी दिसतात. लोकांना माझं हे उत्तर फार साधं वाटतं. त्यांना काहीतरी गुपित हवं असतं. ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात आणि वर्षभरानं टँकरवाल्याचा नंबर मागायला परत येतात.

हे मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणते. मामा पाचोडकडचे मेंढपाळ, साठी येईपर्यंत स्लॅबखाली झोपले नव्हते. एका दुष्काळात त्यांनी सगळी मेंढरं विकली. आधीच्या प्रत्येक दुष्काळात त्यांची निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती, आणि या वेळी ते बघायची त्यांची तयारी नव्हती. साठच्या साठ मेंढरं पाचोडच्या बाजारात मातीमोल भावानं दिली, आणि पैसे फडक्यात बांधून आमच्या शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन बसले. नवरा कंपनीत, मी शिलाई मशीनवर. मामा मला म्हणाले, "गवत आलं की मला मेंढरं पाहिजेत. तवर हे ठिव."

ठेवायचं कुठं? डब्यात? माझ्या डोक्यात तेव्हा एकच भुंगा होता. खेड्यांत पाणी नाही म्हणून माणसं शहराकडं येत होती, शहर चारी बाजूंनी पसरत होतं, आणि माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई कुणीतरी घर शोधतंय असं सांगत होती. मी म्हणाले, "मामा, तुमचे पैसे, आमची शिल्लक आणि माझे दागिने घालून एक जुनं घर घेऊ. नीट करू. वर्षाच्या आत विकू."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी रोड मेंढरू घ्यायचं, चारायचं, अन् भरल्यावर इकायचं."

"व्हय, तसंच."

"मंग हे मला येतंय की," असं म्हणून ते दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर घरं बघायला निघाले.

मामांच्या डोक्याला पटका, हातात काठी, आणि एजंटाच्या मागं मी. आमची वरात बघण्यासारखी असायची. मामा आत शिरले की आधी काठीनं भिंत ठोकायचे. गिलावा पोकळ असला की "ह्याची कातडी सुटलीय" म्हणायचे. कपाट सरकवून मागची ओल बघायची सवय मला त्यांच्याकडूनच लागली. दुपारी दोनलाच घर बघायचं, म्हणजे स्लॅब किती तापतो ते कळतं, हेही त्यांचंच. शेजारच्या बायकांशी बोलायचं, हे मात्र माझं. एजंट महिनाभरात सांगणार नाही ते शेजारीण दारात उभ्या उभ्या सांगते.

पूर्वेकडच्या एका वसाहतीत, गल्लीच्या अगदी टोकाला, मला एक घर आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला प्लॉट, ज्याला आमच्याकडे गुंठेवारी म्हणतात, पण कागद नियमित करून घेतलेले. तेवढं मी वकिलाकडून तपासून घेतलं होतं; कागदाच्या बाबतीत मी माझ्या नवऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. मामा म्हणाले, "घर बरं हाय. पर पाणी पिताना बघितलं नाय."

मेंढरू विकत घेताना मामा दात नंतर बघायचे. आधी त्याला पाण्यावर न्यायचे आणि ते कसं पितं ते बघत बसायचे. आजारी जनावर पाण्यात नुसतं तोंड बुडवतं, म्हणायचे. घराचंही तसंच, नळाला पाणी येईल त्या दिवशी येऊ, बघू, मग ठरवू. पाण्याला अजून पाच दिवस होते, आणि एजंट मला म्हणत होता की दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय. ती दुसरी पार्टी जगात कधीच नसते, हे आज मी कुणालाही सांगीन. त्या दिवशी मला ते कोण सांगणार? मी मामांवरच खेकसले, "ते मेंढरू नाही, घर आहे!" आणि इसार देऊन मोकळी झाले.

खरेदी झाल्यावर पहिल्या पाण्याच्या दिवशी मी पहाटेच जाऊन नळ उघडला. नळातून हवा आली. गल्लीतल्या प्रत्येक घरानं पाइपाला मोटार लावली होती, आणि आमच्या टोकापर्यंत येईतो त्या पाइपात आवाजाशिवाय काही उरत नव्हतं. दीड बादली पाणी मिळालं. मामा पायरीवर बसून बघत होते. त्यांनी ती दीड बादली आत नेऊन झाकून ठेवली, त्याचाच मला जास्त राग आला.

मग मी तो राग घरावर काढला. ओट्याला काळा ग्रॅनाइट, न्हाणीघरात वरपर्यंत फरशी, भिंतींना फिकट पिवळा रंग. गुलमंडीत जाऊन पडद्यांचं कापड आणलं आणि स्वतः शिवलं. पैसा घालायचा तर स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात घालायचा. घर बघायला पुरुष येतात, पण पसंत बायका करतात, आणि त्या तिथंच उभ्या राहतात. मामा दिवसभर मजुरांवर लक्ष ठेवायचे आणि उरलेल्या वेळात गल्लीतल्या शेळ्या तपासायचे. कुणाच्या शेळीचा खूर सडला, कुणाचं करडू दूध पिईना, की लोक त्यांना बोलावून न्यायचे. पुढं ती ओळख आमच्या फार कामाला आली.

घर तयार झालं, पण गिऱ्हाईक येऊन आधी पाण्याचं विचारायचं आणि शेजाऱ्यांशी बोलून जायचं ते कायमचं. उन्हाळा संपत आला. पाऊस पडला आणि तोवर घर विकलं गेलं नाही, तर मामांची मेंढरं कुठून आणायची? मला जेवण गोड लागेना. तेव्हा मला ते सुचलं, जे फक्त मेंढपाळाच्या सुनेलाच सुचू शकतं.

बाजारात काही लबाड लोक आदल्या दिवशी मेंढराला मीठ चाटवतात आणि बाजारात शिरायच्या आधी त्याला पोटभर पाणी पाजतात. पोट टम्म दिसतं, चांगला भाव येतो, आणि दुसऱ्या दिवशी घेणारा कपाळावर हात मारतो. मी घराला तेच केलं. टँकर मागवला, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली, आणि पिशोरकडून एक जोडपं घर बघायला आलं तेव्हा सगळे नळ धो धो सोडून दाखवले.

नवरा नुकताच शाळेतून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. बाईनं ओट्यावरून हात फिरवला, मग नळाखाली ओंजळ धरली आणि तोंडावर पाणी मारलं. पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, "ताई, दोन वर्सं झाली, हंडा डोक्यावर घेऊन टँकरच्या मागं पळते मी. आता इथं बसून भांडी घासीन."

तिला घर पसंत होतं. नवऱ्यानं खिशात हात घातला, इसार द्यायला. मी मामांकडं पाहिलं. मला वाटलं आता हे बोलणार आणि माझी लाज काढणार. पण त्यांनी मान खाली घातली होती. सौदा मोडला तर मेंढरं त्यांची जाणार होती, तरी निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला होता. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढंच वाईटही वाटलं. मी फटकन म्हणाले, "थांबा. हे टँकरचं पाणी आहे. ह्या नळाला पाणी येत नाही."

बाईचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं शिव्या देईल. ती इतकंच म्हणाली, "कधी आलंच तर सांगा," आणि ती दोघं निघून गेली. मी ओट्याला टेकून रडले. मामा म्हणाले, "पोट फुगवलंस व्हय घराचं?" आणि मग चक्क हसायला लागले. त्यांच्या हसण्यानं मी रडता रडता आणखीच चिडले.

पुढच्या पाण्याच्या आदल्या संध्याकाळी मामा काठी घेऊन गल्लीत निघाले. मी मागं मागं. प्रत्येक दारात त्यांचं एकच बोलणं: "हिरीवर पाच कळप आले अन् समदे एकदमच तुटून पडले, तर कुनाचं बी पोट भरत नाय. पानी गढूळ होतं, कोकरं चेंगरतात. म्हून आमी पाळी लावतो. ज्याला लांबून यावं लागतं त्यो आधी." म्हणजे एका वेळी एकाच घराची मोटार, तीही वीस मिनिटं, आणि सुरुवात टोकाच्या घरापासून.

"अन् आमचं कमी झालं तर, बाबा?" एकीनं विचारलं.

"एकदा करून बघा. नाय जमलं तर मोटार तुमचीच हाय, कुठं पळून चालली?"

ज्यांच्या शेळ्या त्यांनी बऱ्या केल्या होत्या ती घरं लगेच तयार झाली. बाकीच्यांनी तोंडं वाकडी करून का होईना, मान डोलावली. सकाळी मामा गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि काठीनं खुणा करत एकेकाला मोटार लावायला सांगू लागले. आमची टाकी भरली. गंमत म्हणजे पुढच्या घरांच्याही भरल्या, कारण आता कुणाची मोटार नुसती हवा ओढत नव्हती.

पिशोरच्या जोडप्याला मी स्वतः फोन केला आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी बोलावलं. बाई सकाळी सहालाच आली, नळाजवळ पाट टाकून बसली आणि टाकी भरेपर्यंत उठली नाही. घर तिनंच घेतलं. वर मामांना बजावलं, "बाबा, तुमी गेल्यावर खुर्चीवर मी बसनार." अजून बसते. तिच्या पुढं मोटार लावायची कुणाची छाती नाही.

आज मी भाडेकरू ठेवते तेव्हा अकरा महिन्यांचा करार करते, पोलिसांत माहिती देते, आणि तो सध्या राहतो ते घर आधी बघून येते. पण पाण्याचं जे आहे ते पहिल्याच भेटीत सांगून टाकते. त्यानं दोन भाडेकरू जातात, तिसरा राहतो तो वर्षानुवर्षं राहतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. गवत उगवलं आणि मामांचे पाय जमिनीवर ठरेनात. मी फायद्यासकट सगळे पैसे घेऊन त्यांच्याबरोबर पाचोडच्या बाजारात गेले. माझ्या डोळ्यांपुढं शंभर मेंढरं होती. मामांना मोठा कळप घेऊन देणार म्हणून मी भावकीत आधीच सांगून ठेवलं होतं. पण पाऊस पडल्यावर सगळ्यांनाच मेंढरं हवी होती. भाव नुसते कडाडले होते. मामांनी दुपारपर्यंत घासाघीस केली, एकेक जनावर पाण्यावर नेऊन बघितलं, आणि पैसे संपले तेव्हा कळपात बरोबर साठ मेंढरं होती.

मी रस्त्याकडेला बसकणच मारली. वर्षभर उन्हात राबले, दागिने गहाण टाकले ते कसेबसे सोडवले, आणि इतकं करून जिथल्या तिथं. मी म्हणाले, "मामा, माफ करा. एकसुद्धा वाढवून देता आलं नाही मला."

मामा कळपाच्या मधोमध उभे होते. त्यांनी हात लांब करून एकेका पाठीवर ठेवला, पुन्हा एकदा मोजलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नसावं.

"येडी हायस का, पोरी? एवढा दुस्काळ गेला, अन् माझं एक बी मेंढरू मेलं नाय."