एकाहत्तर किलो

गुरुनाथ दळवीचा दिवस पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर तो लावायचा नाही. डीमन या डच गावातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा दिवा लागायचा, उभ्याउभ्याच चहा व्हायचा आणि पावणेचारला सायकल रस्त्यावर. स्टेशनजवळून कंपनीची व्हॅन त्याला विमानतळावर न्यायची. चोवीस वर्षांत तो दोनदा उशिरा पोचला. एकदा बर्फामुळे व्हॅनच आली नाही, आणि एकदा बायकोला, सुचेताला, दवाखान्यात पोचवायचं होतं.

काम बॅगा चढवण्याचं. विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यांना पॅड बांधून बसायचं, पट्ट्यावरून बॅग आली की उचलायची, वळायचं, मागे रचायची. एका विमानाला दीडशे, कधी दोनशे. नेहमीची बॅग तेवीस किलोची. त्याच्या वर गेली की तिला नारिंगी पट्टी लागते. बत्तीसच्या वर असेल तर एका माणसाने हात लावायचा नाही, असा नियम. नियम भिंतीवर लावलेला होता. विमानाच्या पोटातून ती भिंत दिसत नव्हती.

मुठीत हँडल धरलं की गुरुनाथ वजन सांगायचा. फार तर अर्ध्या किलोचा फरक.

पंधराव्या वर्षी कमरेच्या दोन चकत्या सरकल्या. डॉक्टरने पॅरासिटामॉल दिली. मुकादम म्हणाला, "दळवी, बाकीच्यांनी रजा घेतली तर ठीक आहे. तुला सवय आहे." गुरुनाथ आणखी नऊ वर्षं कामावर गेला. ते वाक्य मात्र त्याने मनातून सोडलं नाही.

जावई आला तो अंबरीश. पुण्याचा, आयटीतला, उइटहॉर्नला घर. मुलीने, हिमानीने, स्वतः निवडलेला. लग्नात तो पाहुण्यांना सांगत होता, "माझे सासरे एअरपोर्ट ऑपरेशन्समध्ये आहेत." गुरुनाथ शेजारीच ताट घेऊन उभा होता.

"बॅगा चढवतो," तो म्हणाला. "गुडघ्यांवर बसून."

पाहुणे हसले. त्यांना विनोद वाटला. अंबरीशचे कान लाल झाले. त्या दिवसापासून गुरुनाथ त्याला जावईबापू म्हणू लागला, आणि त्या शब्दात माया नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं.

सुचेता गेली, गुरुनाथ निवृत्त झाला. हिमानीने बेत काढला : अकरा आठवड्यांचा मोठा प्रवास. व्हिएतनाम, श्रीलंका, पुणे, आणि शेवटी नेपाळ. गुरुनाथने एकच अट घातली.

"माझा खर्च मी करीन. माझी बॅग मी उचलीन."

"बाबा, तुमची पाठ," हिमानी म्हणाली.

"पाठ माझी आहे."

नऊ आठवडे सासऱ्या-जावयाची धुसफूस चालली. प्रत्येक विमानतळावर गुरुनाथ अंबरीशची बॅग इंचभर उचलून खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "एकोणतीस. सहा काढ." अंबरीश काट्यावर ठेवायचा. एकोणतीसच निघायचे. मग सगळ्यांसमोर बॅग उघडून सामान उपसावं लागायचं. हिमानी दुसरीकडे बघत उभी राहायची.

नेपाळात डोंगर चढायचा होता, पाच दिवसांचा. पोखऱ्याच्या एजंटाने एक हमाल दिला, टेकबहादूर. पंचेचाळिशीचा, बुटका, पोटऱ्या दगडासारख्या. त्याने अंबरीशची आणि हिमानीची बॅग एकावर एक बांधली, पट्टा कपाळावर घेतला आणि उठला. गुरुनाथने त्याला थांबवलं. बॅगांखाली हात घालून उचलून बघितलं.

"चाळीस," तो अंबरीशला म्हणाला. "तुझी सव्वीस, हिमानीची चौदा. आणखी एक माणूस घे."

"बाबा, एजंटचा रेट ठरलेला आहे. एकाला दोन बॅगा," अंबरीश म्हणाला.

"रेट एजंटचा. मान ह्याची."

"प्रश्न पैशांचा नाहीये. हे लोक साठ-साठ किलो नेतात. त्याला सवय असते."

गुरुनाथ खाली वाकला, टेकबहादूरच्या पाठीवरची दोरी सोडली, हिमानीची बॅग काढून स्वतःच्या बॅगेवर बांधली. स्वतःची नऊ, तिची चौदा. तेवीस झाले. रोज उचललेला आकडा.

"दू नोर्माल, बाबा," हिमानी म्हणाली. चिडली की ती डचवर जायची. नीट वागा, एवढाच त्याचा अर्थ.

टेकबहादूरलाही ते आवडलं नाही. "बा, बैग दे दो. मेरा काम है."

"इतना मेरा काम."

"गिरोगे तो मुझे ही उठाना पड़ेगा," टेकबहादूर म्हणाला आणि चालू लागला.

पहिला दिवस निभला. गुरुनाथ रीतीने चालला. पाऊल लहान, श्वास पावलाबरोबर, थांबायचं ते बॅग कठड्यावर टेकवून, खाली न ठेवता. अंबरीश ड्रोन उडवत पुढे-मागे करत होता. दुपारी त्याने विचारलं, "दमलात का?" गुरुनाथ तसाच पुढे चालत राहिला. विचारण्याची रीत त्याला आवडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झिनूहून छोम्रोंगची चढण लागली. दगडी पायऱ्या, वरपर्यंत नुसत्या पायऱ्या. अर्ध्याहून अधिक चढल्यावर एक पायरी नेहमीपेक्षा उंच आली. गुरुनाथने पाय टाकला, वजन घेतलं, आणि कमरेत काहीतरी अडकलं. तो पडला नाही. बॅगेसकट हळूच पायरीवर बसला आणि मग त्याला उठता येईना.

हिमानीने गोळी दिली. अंबरीशने हेलिकॉप्टरसाठी फोन लावला. ढग आहेत, उद्या सकाळी बघू, असं उत्तर आलं. टेकबहादूर वरच्या एका घरी गेला आणि वेताची मोठी डोको घेऊन आला. पाठीवर ओझं वाहायची ती टोपली. एका बाजूने त्याने ती कोयत्याने कापली, आत घोंगडी घातली.

"बैठो, बा."

"नाही," गुरुनाथ म्हणाला. मराठीत म्हणाला, पण टेकबहादूरला कळलं. तो बाजूच्या दगडावर बसला आणि त्याने बिडी पेटवली. ती संपल्यावर त्याने आणि अंबरीशने मिळून गुरुनाथला उचललं आणि टोपलीत बसवलं. गुरुनाथने हात झटकले नाहीत. झटकायला पाठ लागते.

टोपलीतला माणूस पाठीला पाठ लावून बसतो. तोंड मागे. टेकबहादूर पायऱ्या उतरत होता, आणि गुरुनाथच्या समोर, दोन पायऱ्या वर, अंबरीश होता. हिमानीने आपली चौदा घेतली होती. अंबरीशच्या पाठीवर त्याची सव्वीस आणि छातीवर गुरुनाथची नऊ. पस्तीस. जीपचा रस्ता चार तास लांब. चार तास सासरा आणि जावई समोरासमोर होते.

अर्धा तास झाला. मग अंबरीशने बॅग खाली टाकली आणि परत घ्यायला कमरेत वाकला.

"गुडघ्यातून उचल," गुरुनाथ म्हणाला. "कमरेतून नको."

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

"बसलोच आहे."

हिमानी मागून फिस्सकन हसली आणि तिने तोंड फिरवलं.

"पट्टा आवळ. बॅग हलतेय, म्हणून खांदे दुखतायत."

"मला कळतं."

"चौथ्यांदा ठेवलीस."

"तुम्ही मोजताय?"

"मला दुसरं काम ठेवलं नाही."

नदीच्या अलीकडे अंबरीश पुन्हा बसला. घाम डोळ्यांत जात होता. चेहरा लालबुंद. आणि मग तो ओरडला, पहिल्यांदाच, सगळा सभ्यपणा बाजूला ठेवून. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला बॅग उचलायला? फक्त मला कमीपणा आणायचा होता. आता हा माणूस तुम्हाला वाहतोय. चाळीसचे किती झाले? सांगा ना, तुम्हाला तर हातात धरलं की कळतं."

यातलं खोटं काहीच नव्हतं. गुरुनाथने ते ऐकून घेतलं. टोपलीसकट थांबलेल्या टेकबहादूरचा श्वास त्याला स्वतःच्या पाठीत जाणवत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. तो श्वास त्याच्या ओळखीचा होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण सवयीचं तू बोललास म्हणून सांगतो. सवय मलाही होती. चोवीस वर्षांची. तिनेच इथे बसवलंय."

अंबरीशने उठून गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि बॅग घेतली.

"आता बरोबर," गुरुनाथ म्हणाला.

"तुमचं सर्टिफिकेट नकोय मला."

जीपच्या रस्त्यावर टेकबहादूरने टोपली कठड्यावर टेकवली, कपाळावरचा पट्टा काढला. कपाळावर पट्ट्याची खोल रेघ उठली होती. हिमानीने पाणी दिलं. तो प्याला, मान डावी-उजवी केली आणि गुरुनाथकडे बघत म्हणाला, "बा सत्तर. एक-दो ऊपर."

"इकहत्तर," गुरुनाथ म्हणाला.

टेकबहादूरने मान डोलावली. दोन कारागिरांची बोलणी तेवढीच झाली.

डीमनला परतल्यावर गुरुनाथ पाच आठवडे आडवा होता. मग एका रविवारी उइटहॉर्नला अंबरीशच्या घरी मराठी मंडळी जमली. प्रत्येकाने एक पदार्थ आणलेला. जेवणानंतर अंबरीशने टीव्हीवर प्रवासाचे फोटो लावले. टोपलीतल्या गुरुनाथचा फोटो आला. हिमानीने काढलेला.

"आमचे बाबा हमालाचं ओझं कमी करायला गेले," अंबरीश म्हणाला, "आणि स्वतःच ओझं झाले."

खोली हसली. गुरुनाथ खुर्चीत पाठीला उशी लावून बसला होता.

"जावईबापू, ह्यांना सांगा. तुम्ही बॅग किती वेळा खाली ठेवलीत?"

अंबरीश टीव्हीकडे बघत म्हणाला, "अकरा."

"आणि टेकबहादूरने मला?"

"तीन."

हसणं थांबलं. नीरजा म्हणून एक नवीन बाई आल्या होत्या, नुकत्याच हार्लेमला राहायला आलेल्या. त्यांनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "काका, तुम्ही आधी काय करत होता?"

अंबरीशने रिमोट खाली ठेवला. "विमानात बॅगा चढवायचे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. गुरुनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि तोही गोड बोलला नाही. "गुडघ्यांवर बसून," त्याने जोडलं.

"मग निवृत्तीनंतर साठवलेल्या पगारातून मोठा प्रवास झाला म्हणायचा," नीरजा म्हणाल्या.

"प्रवास मुलीच्या हौशीचा," गुरुनाथ म्हणाला. "बत्तीसच्या वर एका माणसाने उचलायचं नाही, असा आमच्यात नियम. मी एकाहत्तर. म्हणजे तीन माणसांचं काम. टेकबहादूरला तीन माणसांची मजुरी दिली. तो एकाचीच मागत होता, माझ्याशी भांडला. चोवीस वर्षं लोकांचं सामान उचललं, आणि त्या पगारातून स्वतःला उचलायची हमाली भरली."