मोसंबीच्या बागेवरची तबकडी

आमच्या गावावर उडती तबकडी येते हे मला वडलांनीच फोनवर सांगितलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो, गाव त्यांना गुरुजी म्हणतं. जन्मभर अंबडजवळच्या आमच्या गावात विज्ञान शिकवलेला माणूस! आणि मी जालन्याच्या ऑफिसात कामात बुडालेली असताना म्हणतो कसा, "दिवेलागणीला मोसंबीच्या बागेवर काहीतरी चमकून जातं. मी मान वळवली की तेबी सरकतं. हे आपल्या पृथ्वीवरलं न्हाई."

"दादा, ड्रोन असेल, नाहीतर उपग्रह."

"ड्रोनला आवाज असतो. आन् मी एकट्यानं न्हाई पाह्यलं, सगळा पार साक्षीला आहे. एवढी मानसं खोटं बोलून राह्यली का?"

इथं माझं डोकं फिरलं. त्या पारावर बसणारा एकूण एक माणूस दादांच्या हाताखाली शिकलेला. आता केस पिकले, नातवंडं झाली, तरी गुरुजी दिसले की बिडी लपवतात. गुरुजींना 'न्हाई' म्हणायची आमच्याकडे सोयच नाही. गुरुजी म्हणाले तबकडी, की यांनी लगेच माना डोलवायच्या. एवढ्यावर थांबतील तर शपथ! एकाला ती हिरवी दिसली, दुसऱ्याला फिरताना दिसली. तिसऱ्या महाशयांनी तर मला व्हिडिओच पाठवला. त्यात मागं बर्फाचे डोंगर. अरे बाबांनो, अंबड तालुक्यात बर्फ?

शनिवारी एसटीनं गावी गेले ते भांडायच्या तयारीनंच. दिवे लागायची वेळ होती. दादा मधल्या खोलीत बसलेले, खिडकी बंद. पाण्याचा तांब्या मी त्यांच्या हातात देत होते, तेवढ्यात ते ओरडले, "ते बघ! गेलं!"

"कुठं?"

"हे काय, डाव्या अंगाला."

डाव्या अंगाला भिंत होती आणि भिंतीला कपाट. आभाळाचा पत्ता नव्हता. मी तांब्या खाली ठेवला.

"दादा, उजवा डोळा झाका जरा."

"आता हे काय नवीन?"

"झाका म्हणते ना!"

कुरकुरत त्यांनी डोळ्यावर हात ठेवला.

"माझं तोंड दिसतं का?"

"दिसतं की." मग म्हणाले, "अर्धं दिसतं. बाकीच्यावर काळं आलंय."

जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतला पडदा सुटलाय. चमक दिसायला लागली तेव्हाच आणायला पाहिजे होतं. ऑपरेशन झालं, पण डावा डोळा काही परत आला नाही.

संताप संताप झाला माझा. एकानं, अहो फक्त एकानं म्हटलं असतं, "गुरुजी, आम्हाला तर काहीच दिसून नाही राह्यलं," तर दादा स्वतःच घाबरून दवाखान्यात गेले असते. ऑफिसातही तबकड्यांचा विषय निघाला की कुणीतरी 'एवढ्या लोकांनी पाहिलीय, सगळे लबाड का?' असं तोंडावर फेकतंच. आमच्या पारावरचा एकही माणूस लबाड नाही. दादांवर जीव टाकतात सगळे. तरीही त्यांच्या साक्षीनं डोळा गेला.

दादांना घरी आणल्यावर पारावरची मंडळी भेटायला आली. दारातच घोटाळत उभी राहिली, बसायला तयार नाहीत. मी कंबर कसूनच होते. म्हटलं, "सांगा आता, कुणाला काय दिसलं होतं?"

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं टोपी काढली. "गुरुजी, खरं सांगू का, आम्हाला त..."

"बस खाली," दादांनी त्याला मधेच तोडलं. "तुम्हाला दिसली ती तबकडीच व्हती. माझ्या डोळ्याचं दुखणं येगळं. त्याचा याच्याशी काही संबंध न्हाई."

म्हातारा मटकन खाली बसला. बाकीचेही बसले. बिलकुल शाळेत बसावं तसे. दादांनी मला चहा टाकायला सांगितला, आणि मी तो टाकला, भांडी आदळत.

ते गेल्यावर मात्र मला राहवलं नाही. "दादा, डोळा गेला तुमचा! वर त्यांनाच पाठीशी घालता? खरं बोलू द्यायचं होतं त्याला."

दादा चष्मा पुसत होते. दोन्ही काचा, नेहमीसारख्याच.

"खरं बोलला असता, मंग शरमेनं यायचा बंद झाला असता," ते म्हणाले. "त्याच्यामागं बाकीचेबी. मंग हा राह्यलेला डोळा घेऊन मी पाहू कोनाला?"