बरणीवरचा ठसा

अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटून वाटून माझी भाषाही पत्रकासारखी झाली होती, म्हणजे प्रत्येक वाक्य ठळक अक्षरात. अशा मला रेवदंड्याजवळच्या एका शाळेत पाठवलं, गुन्हे शोधण्याचं विज्ञान मुलांना करून दाखवायला. सोबत एक खोकं. त्यातली पुस्तिका म्हणते, डीएनए काढण्यासाठी ताज्या स्ट्रॉबेरी घ्या. रेवदंड्यात! आम्ही केळी कुस्करली, मीठ आणि भांड्यांचा साबण घातला, गाळून वरून गार स्पिरिट सोडलं. ग्लासात पांढरे धागे तरंगले तशी मुलं बाकं सोडून पुढे आली. मुख्याध्यापकांनी ग्लास उजेडात धरला.

"यात जात दिसते का हो, मॅडम?"

"नाही, सर."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

ते गमतीने बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चोरीचा खेळ. चोर व्हायचं गुपचूप मुख्याध्यापक सरांनीच कबूल केलं होतं. काचेच्या बरणीतली चिक्की पळवायची, बरणीवर ठसे सोडायचे, मुलांनी ते पावडर टाकून शोधायचे. सरांनी अतिहुशारी करून बरणी रुमालाने पुसली. मुलांना मिळाला नुसता फराटा. तरी पुस्तिकेतली पुढची पायरी म्हणून सगळ्यांची बोटं शाईच्या पॅडवर टेकवली, तर सातवीतल्या एका मुलीचे ठसेच उमटेनात. ती शाळेआधी रोज आईबरोबर कोलंबी सोलते, बोटांवरच्या रेघा झिजल्यात.

"हिला ठसेच न्हाईत. म्हंजे हीच," एक पोरगा म्हणाला.

वर्गाला पटलं. फळ्यावर 'चोर' असं लिहून त्यापुढे तिचं नाव लागलं. खऱ्या चोराने मान डोलावली. "यांच्या वाडीचं मला नवीन नाही."

आणि मी? पुराव्याशिवाय बोट दाखवू नका, हे पत्रक माझंच. मी घड्याळ बघत होते. पुस्तिकेने निष्कर्षाला दहा मिनिटं दिली होती.

मुलगी उठली. "ताई, माझ्या हाताचा वास घ्या."

घेतला. साबण, लिंबू आणि त्याखाली कोलंबी.

"ह्यो धुवून जात न्हाय. आता बरणी हुंगा."

बरणी बाकाबाकावरून फिरली. कोलंबीचा मागमूस नाही. बामाचा वास मात्र असा की एक पोरगी शिंकली. सकाळपासून कपाळाला बाम चोपडून त्याच रुमालाने पुसणारा माणूस शाळेत एकच. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"शाब्बास," सर हसले. "खेळच होता गं. बस खाली."

"माझं नाव पुसा."

"पुसू की. घंटा होऊ दे."

"उद्या वाडीत समदे मला चोर म्हनतील. आताच पुसा. आन् खरं लिवा."

सर माझ्याकडे बघायला लागले. पुस्तिकेत यासाठी रकाना नव्हता. मी तिचं नाव पुसलं आणि खडू तिच्या हातात दिला. सरांचं नाव शाळेत कुणी उच्चारत नाही, त्यामुळे ते तिला ठाऊकच नव्हतं. तिने 'चोर' या शब्दापुढे नुसतं 'सर' लिहिलं, मागच्या बाकालाही वाचता येईल एवढं मोठं.